फोनवर माप घेत नाई

मोठीमाय, तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तिघांची भाषणं झाली आणि तिघांनीही तुला 'शांत, सोशिक माउली' म्हटलं. मी पुढेच बसले होते. तुझ्या फोटोकडे बघायची हिंमत झाली नाही, बघितलं असतं तर तिथेच हसू फुटलं असतं. शांत म्हणे! बॉबिन हरवली की तुझा आवाज अल्लीपूरच्या बसस्टॉपपर्यंत जायचा. सोशिक म्हणे! तू शिवलेल्या ब्लाउजला नाक मुरडणाऱ्या त्या बाईसमोर तू तो अख्खा ब्लाउज उसवलास आणि तुकडे तिच्या हातात ठेवून म्हणालीस, "घे, आता तुह्या मनासारखा जोड." वाटलं, उठावं आणि हे सगळं सांगून टाकावं. पण समोर भंतेजी बसलेले, सगळे पांढऱ्या कपड्यांत, गंभीर. राहून गेलं.

ते राहिलेलं आता लिहितेय. आणि खरं सांगू का, मी काही डोळे पुसत लिहायला बसलेली नाही. मला तुला एक बातमी द्यायची आहे आणि कालपासून ती पोटात मावत नाहीये. पण कुठलीही गोष्ट मधूनच सांगायला घेतली की तू "बुडापासून सांग" म्हणून दटावायचीस, तेव्हा बुडापासूनच सांगते.

बुडापासून म्हणजे उन्हाळ्यापासून. वर्ध्याला आमच्या शाळेचा निकाल लागला की तुझा निरोप यायचा. आधी एसटीच्या कंडक्टरच्या तोंडी, मग शेजाऱ्यांच्या फोनवर, मग मोबाइलवर. निरोप दर वर्षी तोच, चार शब्दांचा, "पोट्ट्यायले माप द्याले पाठवा." बुद्धपौर्णिमेला घरातल्या प्रत्येक पोराच्या अंगावर नवं पांढरं पाहिजे, तेही एकाच ताग्यातलं आणि तुझ्या हातचं, हा तुझा नेम. पोरींना फ्रॉक, पोरांना सदरा-पायजमा. नात्यानं तू आम्हा भावंडांचीच मोठीमाय, बाबांच्या मोठ्या भावाची बायको. पण आमच्या पोरांनीही तुला कधी आजी म्हटलं नाही, तीही मोठीमायच म्हणायची आणि तुलाही तेच आवडायचं.

गेल्या गेल्या आधी माठाचं पाणी, मग आमरस आणि त्यात बुडवून खायचे कणकेचे सरगुंडे. संध्याकाळी ऊन उतरलं की ओट्यावर माप सुरू. एकेकानं पाटावर उभं राहायचं, हात पसरायचे, हलायचं नाही. तुझ्याकडे टेप नव्हता, एक पांढरा नाडा होता. तो पाठीवरून, छातीवरून, मानेपासून गुडघ्यापर्यंत लावायचीस आणि प्रत्येक मापाला एक गाठ मारायचीस. चेहरा तर असा की आता मोठं दुखणंच सांगणार. आम्ही नऊ पोरं, म्हणजे एका नाड्यावर सत्तावीस गाठी! यातली कुठली कोणाची, हे मी एकदा विचारलं होतं. "मले समजते," एवढंच म्हणालीस. दुसऱ्या दिवशी तोच नाडा तुझ्या परकरात परत गेलेला असायचा आणि त्यावर एकही गाठ नसायची, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. तरी मला काडीची शंका आली नाही.

कारण सकाळी आम्ही अंगणातल्या बाजांवरून उठून आत जावं, तर मशीनजवळ कापून गुंडाळलेल्या कपड्यांच्या नऊ पुंगळ्या ओळीनं मांडलेल्या असायच्या. प्रत्येकीवर निळ्या खडूनं नाव. "तुमी झोपले अन् मी कापलं," असं तू म्हणायचीस आणि आम्ही आपापली पुंगळी छातीशी धरून नाचत सुटायचो. त्यानंतर आठ दिवस घराचा कारखाना व्हायचा. बाहेर छेचाळीस डिग्री, आत कूलरचा घरघराट आणि मशीनचा खडखडाट, दोन्हींच्या वर तुझं ओरडणं. लहानांनी सुईत दोरा ओवायचा, मधल्यांनी बाह्या उलट्याच्या सुलट्या करायच्या, मोठ्यांनी तुरपाई. पोरगा म्हणून कोणाला सूट नव्हती. माझा धाकटा भाऊ मिलिंद सातव्या वर्षी अशी बटणं लावायचा की सदरा फाटेल पण बटण सुटायचं नाही. सगळं शिवून झालं की टाक्यात पाणी भरून कपडे टाकायचे आणि वर आम्हाला सोडायचीस. नऊ पोरं त्यात थयथय नाचून कापडाची खळ काढायची! कशासाठी ओरडायचो कोण जाणे, पण घसा बसेपर्यंत ओरडायचो. अर्ध्या तासात दोरीवर सगळे कपडे खडखडीत वाळायचे. आयुष्यात नंतर बऱ्याच ठिकाणी गेले, समुद्रावरही गेले, पण तसा आनंद नाही झाला.

आता आपलं भांडण. दहावीनंतर मी वर्ध्याला शिवणाचा क्लास केला आणि सुट्टीत कागदाची कटिंगं, टेप आणि भरपूर शिष्टपणा घेऊन तुझ्याकडे आले. तू सगळ्यांचे कपडे दोन बोटं मोठे कापायचीस, खाली हा एवढा दाब, दर वर्षी थोडा सोडायचा म्हणून. मी म्हटलं, ही काय झोळ्या शिवायची पद्धत आहे? आणि मिलिंदचा सदरा टेपनं मोजून बरोब्बर अंगासरसा शिवून दाखवला. दुकानातला वाटत होता, हे तूही कबूल केलंस. मग मिलिंद कैऱ्या काढायला झाडावर चढला, हात वर केला आणि बगल टर्रकन उसवली.

"पोट्टं काय सालभर टेप लावून उभं राह्यते का?" तू म्हणालीस. "थे धावते, चढते, वाढते. माप उभ्या पोट्ट्याचं घेतलं तरी शिवा लागते धावत्यासाठी."

पण माझं अजूनही म्हणणं आहे की ते कापड कच्चं होतं. तू गेलीस म्हणून मी हा मुद्दा सोडलेला नाही.

हे गमतीचं भांडण. खरं भांडण तीन वर्षांपूर्वीचं. ऑफिसात सुट्टी मिळत नव्हती. अल्लीपूर आमच्या पिपरी मेघेच्या घरापासून किती लांब? मनात आणलं असतं तर रविवारी जाऊन आले असते. पण मी म्हटलं, कशाला ती दगदग, माझ्या मुलीचं, मैत्रीचं माप फोनवर कळवून टाकू. छाती, उंची, खांदा, बाही, सगळं इंचात. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "फोनवर माप घेत नाई मी. पोरीले घेऊन ये."

"अगं, मी क्लास केलेली बाई आहे. माझं माप चुकायचं नाही."

"तुह्या मापावर भरोसा हाये, ज्योते. फोनवर नाई."

"मग राहू दे."

"राहू दे."

असा फोन ठेवला दोघींनी. मी हट्टानं बाजारातून पांढरा रेडिमेड फ्रॉक आणला, गळ्याला टिकल्यांची जाळी असलेला. पौर्णिमेला विहारात वंदना संपेपर्यंत पोरगी मान खाजवत बसली होती. मैत्री तेव्हा दहाची. संध्याकाळी तिनं विचारलं, "टाक्यात नाचायला कोण कोण असेल आत्ता?" मी टीव्हीचा आवाज वाढवला. पुढच्या दोन्ही उन्हाळ्यांत आम्ही मुकाट्यानं आलो, तू मुकाट्यानं नाडा लावलास. त्या एका वर्षाबद्दल तू चकार शब्द काढला नाहीस आणि मीही नाही. मी मनात तुला हेकट म्हटलं होतं. अडाणी म्हटलं होतं, मोठीमाय. हे तुला कधीच कळलं नसेल अशी माझी आशा आहे, पण तू फार हुशार होतीस.

तू या वर्षी जयंतीची मिरवणूक ओट्यावर बसून पाहिलीस, लेझीम खेळणाऱ्या पोरींना पाणी पाजलंस आणि पाचव्या दिवशी सकाळी उठलीच नाहीस. सगळे आले, गेले. पुण्याला निघताना मिलिंद माझ्याजवळ हळूच म्हणाला, "या वर्षी कपड्यांचं काही काढू नकोस. आम्ही तिकडेच रेडिमेड घेऊ. आमच्या चिऊचा समर कॅम्पही आहे." बाकीच्यांचंही तेच मत होतं. कोणी वाईट बोललं नाही, सगळे अगदी समजूतदारपणे बोलले. मला धडकी भरली ती त्या समजूतदारपणाची. एक उन्हाळा चुकवणं किती सोपं असतं, हे मी एकदा करून बघितलेलं होतं. अल्लीपूरला यायचं कारणच संपलं तर आमची ही अकरा पोरं एकमेकांना लग्नाकार्यातच भेटणार, तीही पाया पडण्यापुरती.

मी मागे राहिले होते. तुझ्या साड्या वाटायच्या म्हणून आतल्या खोलीतली पत्र्याची पेटी उघडली. साड्या वर होत्या. त्या काढल्या तर खाली पुंगळ्या. पांढऱ्या, निळ्या खडूच्या नावांच्या, अकरा पुंगळ्या! मी एक सोडून बघितली. पाठ, पुढा, बाह्या, गळपट्टी, सगळं कापून तयार. मला काही सुधरेना. या वर्षी तर कोणी माप द्यायला आलंच नव्हतं. मग कोपऱ्यात आणखी एक दिसली, बारावी, जरा पिवळट पडलेली. नाव मैत्री. मैत्रीची तर आधीच्या अकरात होती! सोडली, मांडीवर पसरली, पर्समधला टेप काढून लावला. दहा वर्षांच्या पोरीचा फ्रॉक होता, तीन वर्षांपूर्वीच्या ताग्यातला. मी फोनवर सांगितलेल्या प्रत्येक आकड्यापेक्षा दोन बोटं जास्त.

म्हणजे मी फोन केला तेव्हा तो कापून तयार होता! तू माप कधी घेतच नव्हतीस! होळी झाली की मागच्या वर्षीचं पोर डोळ्यांसमोर आणून, दोन बोटं वाढवून, सगळं कापून पेटीत ठेवून मोकळी होत होतीस. मग निरोप, मग नाडा, मग सत्तावीस गाठी, मग "तुमी झोपले अन् मी कापलं". आणि मी क्लास केलेली बाई! नऊ पोरांचे कपडे एक माणूस एका रात्रीत, तेही त्या काळच्या लोडशेडिंगमध्ये, कसे कापेल, एवढा साधा हिशोब माझ्या डोक्यात तीस वर्षं आला नाही. मी मोठ्यानं हसत सुटले. घरात सुतक असल्यासारखी शांतता आणि मी पेटीपुढे बसून खदाखदा हसतेय. तुझा मुलगा, आमचा प्रकाशदादा, वावरातून नुकताच आला होता, तो घाबरून धावत आत आला.

"काय झालं वं?"

मी पुंगळी दाखवली. त्यानं चप्पल काढली आणि उंबऱ्यावरच बसला. "सापडलं का तुले? मले माहीत होतं न. कापड दुसऱ्या टोकाले मीच तं धरत होतो दरसाली."

"मग सांगितलं का नाहीस कधी?"

"तोंड उघडशीन तं तुह्या सदऱ्याले खिसा नाई लावत, अशी धमकी होती तिची. माप लागत नाई हे समजलं तं कोण येते, म्हणे, एवढ्या उन्हाचं?"

त्यावर मात्र मी रडले. आतापर्यंत आलेलं रडू रीतीचं होतं, हे माझं होतं. फोनवर तू मला "ये" म्हणत होतीस, इतक्या सरळ म्हणत होतीस, आणि मी तुला इंच सांगत होते. माझं चुकलं, मोठीमाय. हे मला तुझ्या तोंडावर म्हणायचं होतं आणि तू त्यावर काहीतरी खोचक बोलायला हवी होतीस. दादानं भिंतीला टेकवलेल्या बाजांकडे बघितलं. मग म्हणाला, "आता बाजा काहाले काढाच्या बाहेर? मी एकटाच तं हावो."

मी डोळे पुसले, फोन घेतला आणि घरच्या ग्रुपवर लिहिलं. मोठीमायनं तागा आणून ठेवला आहे. मी शिवणार आहे. पौर्णिमेच्या आठ दिवस आधी पोरांना माप द्यायला घेऊन या. लिहिताना मजा येत होती. तुला दर वर्षी अशीच मजा येत असणार!

पहिल्या दिवशी नुसते अंगठे आले. मग मिलिंदनं काय केलं असेल? चिऊचं माप पाठवलं. टेप लावलेले फोटो, छाती, उंची, खांदा, सगळं व्यवस्थित. भाऊ शोभतो माझा. मी लिहिलं, तुझ्या मापावर भरोसा आहे, फोनवर नाही. लगेच फोन आला.

"ताई, तूसुद्धा मोठीमायसारखी करायला लागलीस? पाच वर्षांच्या मुलीच्या एका फ्रॉकसाठी पुण्याहून यायचं?"

"हो."

"बरोबर आहे ते माप. दोनदा घेतलंय."

"असेल."

त्यानं फोन ठेवला. दोन दिवस काही नाही. ते दोन दिवस मी कसे काढले, मलाच माहीत. ऑफिसात एका अर्जावर शिक्काच उलटा मारला. संध्याकाळी मैत्री विचारायची, "आला का मामाचा मेसेज?" आणि मी "येतील गं" म्हणायची. पेटीत कापून ठेवलेला फ्रॉक शिवून कुरिअर केला असता तर दोन दिवसांत पुण्याला पोचला असता, हेही माहीत होतं. तिसऱ्या दिवशी आधी नागपूरच्यांनी कळवलं, मग आष्टीच्यांनी. मिलिंदचा मेसेज सगळ्यात शेवटी आला. तिकिटाचा फोटो आणि खाली एकच शब्द, 'खूश?'

आणि काल सगळे आलेत, मोठीमाय! अकराच्या अकरा! प्रकाशदादानं सकाळपासून बाजा काढल्या, नारळी दोऱ्या ताणल्या, टाकं घासलं आणि कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या. नागपूरच्या वहिनीनं सरगुंडे केले, थोडे जाड झाले, तू असतीस तर बोलली असतीस. पोरं गाड्यांतून उतरली तशी थेट टाक्याकडे पळाली, पाणी नसताना. गल्लीतल्या बाया दारात येऊन बघत होत्या. एकीनं विचारलं, "काऊन वं ज्योती, कार्यक्रम हाये का काई?" मी म्हटलं, माप आहे.

ऊन उतरलं. ओट्यावर पाट मांडला. मी नाडा घेतला नाही, मला ते सोंग जमणार नाही, माझा टेपच घेतला. पण चेहरा अगदी तुझ्यासारखा केला. एकेक पोर चढत होतं, हात पसरत होतं. मी छाती, उंची, खांदा मोजत होते आणि आकडे मोठ्यानं वाचून कागदावर लिहीत होते, आणि आत खोलीत त्या सगळ्यांचे कपडे कापून पडलेले. अशी खोटी वागले मी आणि मला जराही लाज वाटली नाही. मैत्री पाटावर उभी राहिली तेव्हा मला तिची ती दुसरी, लहान पुंगळी आठवली आणि आकडा वाचताना आवाज फाटला. तिला वाटलं, मी दमले.

मधेच मिलिंद बॅगा ठेवायला आत गेला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पेटी मी उघडीच ठेवली होती. चिऊ पाटावर उभी, माझ्या हातात टेप, आणि माझे कान आतल्या खोलीकडे. तो लवकर बाहेर आला नाही. आला तेव्हा हातात काही नव्हतं, फक्त बोटांना निळा खडू लागलेला होता. त्यानं चिऊकडे बघितलं, माझ्या कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. आता हा बोलणार आणि संपलं सगळं, असं वाटून मी आकडा वाचायची थांबले.

"आत्या, किती आलं?" चिऊ हात पसरूनच विचारत होती.

"बावीस," मी म्हटलं. टेप मी बघितलाच नव्हता.

मिलिंदनं चिऊला पाटावरून खाली उतरवलं. चपला काढल्या आणि चाळीस वर्षांचा तो माणूस स्वतः पाटावर चढून उभा राहिला, दोन्ही हात पसरून. पोरं हसायला लागली. त्याचे डोळे भरलेले होते, पण बोलला तो इथल्यासारखं, जसं पुण्याला गेल्यापासून मी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"माह्यं बी घे."

"तुले कापड नाई पुरत," मी म्हटलं.

"नसू दे. पुढच्या साली शिवजो. माप तं घेऊन ठेव."